फुकट जळणारा पिवळा दिवा

माझे सासरे वीज खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची दिवे घालवायची सवय काही निवृत्त झाली नाही. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत गावोगावच्या शिव्या खाऊन ते घरी येत आणि आल्या आल्या आमचे दिवे मालवत. तिकडे कपाशीच्या पंपाला वीज नाही आणि तुम्ही संडासात बल्ब जाळता, हा रोजचा मंत्र. देवघरातली समई तेवढी वाचली, कारण ती मीटरवर नव्हती.

मुलगी तान्ही असताना अकोल्याला नात्यातल्या साखरपुड्याला जायचं निघालं. नवऱ्याने पुण्याहून गाडीत बसवायची बाळाची खुर्ची पाठवली. त्याला स्वतःला सुट्टी नव्हती, खुर्चीला होती. मी म्हटलं, खुर्ची मागे बसवू. पण आमच्याकडे मागची सीट म्हणजे पंगत. सासूबाई, त्यांची मोठी जाऊ, मी आणि प्रत्येकीच्या मांडीवर आहेराच्या पिशव्या. अमरावतीहून अकोल्याला जाताना गाडीतली एक जागा रिकामी ठेवली, तर भाऊबंद वर्षभर ऐकवतात. मग बाळाची खुर्ची पुढे, गाडी चालवणाऱ्या सासऱ्यांच्या शेजारी आली, पाठ डॅशबोर्डकडे करून.

गाडीची पुस्तिका घरात मी एकटीनेच वाचली होती. समोर एअरबॅग असते. गाडी धडकली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि अशा उलट्या खुर्चीवर आदळते. मोठ्यांना वाचवणारी वस्तू बाळाचा जीव घेऊ शकते. म्हणून डाव्या दारापाशी, डॅशबोर्डच्या कडेला किल्ली घालून ती बंद करायची. मी केली. बंद असल्याची खूण म्हणून समोर एक पिवळा दिवा लागला.

"मामाजी, पुढचा फुगा बंद केला मी."

"बरं केलं," सासरे म्हणाले. दिवा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही. दिव्यांच्या बाबतीत त्यांना कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

मूर्तिजापूरला चहा झाला. मी बाळाला पाजून पुन्हा खुर्चीत बांधलं. सासरे दारापाशी काहीतरी खाटखुट करत होते. निघालो तेव्हा त्यांचा चेहरा एखादी चोरीची लाइन पकडल्यासारखा प्रसन्न होता.

बोरगावच्या अलीकडे म्हैस आडवी आली. सासऱ्यांनी ब्रेक असा दाबला की मागची पंगत उधळली आणि चिवड्याचा डबा माझ्या डोक्यात बसला. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हैस आमच्याकडे न बघता सावकाश पलीकडे गेली. मी वाकून आधी बाळ पाहिलं. ते झोपलेलं होतं. मग दिवा पाहिला. तो नव्हता.

"मामाजी, तो पिवळा लाइट कुठं गेला?"

"म्या बंद करून टाकला. बडनेऱ्यापासून फुकटचा जळून राहिला होता. बॅटरी उतरून जाईन ना. तू जिथं किल्ली लावली होती, तिथंच उलटी फिरवली."

मला त्यांचा भयंकर राग आला. सासरे म्हणून नव्हे, माणूस म्हणूनच त्यांना त्या म्हशीच्या मागे पाठवून द्यावंसं वाटलं. "लाइट बंद म्हंजे फुगा चालू," मी म्हटलं. "आता धडक बसली असती, तं तो फुगा पोरीच्या डोक्यावर बसला असता."

सासरे गाडी कडेला घेऊन उतरले, वळसा घालून डाव्या दाराशी गेले. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसाला ती किल्ली छिद्रात घालता येईना. शेवटी मीच उतरून किल्ली फिरवली. सासऱ्यांनी गाडी सुरू केली आणि दिवा लागला.

त्यानंतर अकोल्यापर्यंत सासरे रस्त्यापेक्षा दिव्याकडेच जास्त बघत होते, म्हणजे आम्ही किती सुखरूप होतो बघा. अकोला जवळ आलं तशी सासूबाईंची जाऊ मागून काळजीने म्हणाली, "भाऊजी, तो लाइट अजून चालूच हाये. बॅटरी उतरन ना."

"उतरू द्या, वहिनी," सासरे म्हणाले.