कुठला हात ते मी सांगितलं

तुम्ही कधी एखाद्या माणसाला मार खाताना जवळून पाहिलंय, आणि पाहता पाहता मनात म्हटलंय का, की हे लिहिण्यासारखं आहे?

मी पाहिलंय, आणि म्हटलंय. त्या वेळी मी बावीस वर्षांची होते.

आमच्या घाटकोपरच्या खोलीत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कारखान्याच्या गेटवरून खिशात घालून आणायचे आणि आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. डाळीचा डबा उचलला की 'कामगार बंधूंनो' आणि तेलाच्या बरणीखाली 'फितुरांना धडा शिकवा'. पत्रक लिहिणारा चाचरत नाही, आणि छापण्याआधी कोणाला दाखवत बसत नाही. छापायचं, पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभं राहायचं, येईल त्याच्या हातात ठेवायचं. लिहिणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

म्हणून मी आणि माझ्या एका मैत्रिणीने बारा पानांचं अनियतकालिक सुरू केलं. ती अंधेरीच्या एका ऑफिसात मराठी टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून ती आमचे मेणकागद टाइप करायची आणि मी ते सायक्लोस्टाइलवर चढवून प्रती काढायचे. दोन अंकांनंतर आम्ही ठरवलं की लेखकांना गाठायचं, ते कसं लिहितात ते विचारायचं. पाच प्रश्न काढले. शेवटचा माझा होता : तुम्ही कोणाच्या बाजूने लिहिता?

मुलुंडला एक नावाजलेले कादंबरीकार राहायचे. त्यांनी चहा दिला, कागदाचा पोत कसा असावा ते पाऊण तास सांगितलं. मग मी शेवटचा प्रश्न टाकला.

"खिडकीच्या बाजूने," ते म्हणाले. "उजेड बरा येतो."

मी वही मिटली. मैत्रीण जिन्यात हसू दाबत होती. "छाप ना हे. झकास उत्तर आहे," ती म्हणाली. मी छापलं नाही. मला रक्त हवं होतं.

ते विक्रोळीला मिळालं. एलबीएस मार्गावरच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ कथा लिहायचे. मालवणकडचे, चाळिशीचे, बोलायला मोकळे. त्यांच्या एका कथेने मला वेड लावलं होतं. संप चालू आहे, मागच्या भिंतीवरून आत गेलेला एक कामगार परत बाहेर उतरताना पकडला जातो, जमाव त्याचा हात रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवतो आणि सळईने फोडतो. कथेत कोणाचा चेहरा नाही, नुसते पाय आणि आवाज. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी असा लिहिला होता की मी ते पान तीनदा वाचलं. खरं सांगते, वाचताना मला बरं वाटलं होतं. फितूर होता, धडा मिळाला.

मी उसना टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या वसाहतीतल्या खोलीवर गेले. गुरुवार होता, त्यांची साप्ताहिक सुट्टी. त्यांची बायको आत भाकऱ्या थापत होती.

"काका, हे इतकं खरं कसं जमलं?" मी विचारलं.

"निरीक्षण, बाय. दुसरं काय! लोक लिहितात, 'हात मोडला'. कुठला हात? कोण जवळ उभा होता? त्याच्या पायात चप्पल होती की नव्हती? ते लिहायचं. नाहीतर वर्तमानपत्र काय वाईट आहे?"

"तुम्ही तिथे होतात?"

त्यांनी टेपकडे बोट दाखवलं. मी ती बंद केली, पण वही उघडी ठेवली.

"होतो. पंचवीसेक जण होतो आम्ही. माझ्या शेजारच्या बाकावरचा फिटर तो. पोरांनी त्याला खाली पाडला, पोटात लाथा घातल्या. एकाने त्याचा उजवा हात दगडावर धरला. सळई उचललेली. आणि मी म्हटलं, अरे, तो डावरा आहे."

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मी पाच वर्षं त्याला बघत होतो ना. कानस डाव्या हाताने चालवायचा, चहाचा ग्लास डाव्या हातात. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी हात बदलला. तीन फटके. त्याला माहीत नाही कोण बोललं. खाली तोंड होतं त्याचं."

"आणि कथेत तुम्ही हे गाळलंत?"

"गाळलं."

"का?"

"कारण गेली चार वर्षं दर रविवारी तो इथे येतो, पोरी. पलीकडच्या बिल्डिंगीत राहतो. लिहिलेलं सगळं मी पहिलं त्याला वाचून दाखवतो. ती कथासुद्धा त्याने ऐकली. म्हणाला, आवाज बरोबर आलाय."

माझा हात भराभर लिहीत होता.

त्यांनी पाहिलं. "हे छापू नको. मी त्याला स्वतः सांगणार आहे. रविवारी वाचून दाखवीन. तोवर थांब."

"चार वर्षांत किती रविवार झाले, काका?"

"बघ बाय, तुझ्या हातात आहे."

घरी येताना मी पेटले होते. हा माणूस मला कोणाच्या बाजूने लिहायचं ते शिकवणार? मैत्रिणीने मजकूर वाचला आणि टाइपरायटरवरून हात काढले.

"त्याला विचारलंस का, त्या फिटरला?"

"काय विचारायचं? त्याला न्याय मिळतोय."

"अगं, निदान रविवारपर्यंत थांब ना. वाट लागेल कोणाची तरी."

"खरं छापायला परवानगी घ्यायची असते का गं? मग तू ऑफिसची पत्रंच टाइप कर."

तिने नुसता कागद चढवला. आम्ही नाव घातलं नव्हतं. पण डावरा फिटर, शेजारचा लेथवाला, मागची भिंत, सगळं घातलं होतं. कुठला हात, कोण जवळ उभा होता. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे. शनिवारी दुपारी पाळी सुटताना मी त्याच कारखान्याच्या गेटवर उभी राहिले आणि साठ प्रती वाटल्या.

रविवारी सकाळी दहा प्रती घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. लेखकाला प्रती द्यायच्या असतात, आणि मला त्यांचा चेहराही बघायचा होता, हे लपवत नाही. त्यांनी अंक हातात घेतला, ते पान काढलं आणि तो मांडीवर तसाच ठेवून बसून राहिले. पुढ्यात त्यांची वही होती, चष्मा होता, फिटरसाठी मांडलेला पाट होता.

"तो येईल आता," ते म्हणाले. "तू जा."

मी उठायच्या आत तो दारात होता. बारीक अंगाचा, वॉचमनचा खाकी शर्ट. हात गेल्यावर त्याला तेच काम मिळालं होतं. डावी बोटं वाकडी जुळलेली, मूठ मिटत नव्हती. उजव्या हातात आमचा अंक होता, गुंडाळलेला. त्याच्या जुन्या खात्यातल्या कोणीतरी रात्रपाळीला जाताना नेऊन दिला होता.

त्याने अंक टाकला, पाट उचलला आणि मारला.

पहिला फटका भिंतीवर बसला. त्याला उजव्या हाताने मारायची सवय नव्हती. दुसरा खांद्यावर, तिसरा कानावर. काका कलंडले आणि परत सरळ बसले. कानातून रक्त गळ्यावर आलं. त्यांनी हात वर केले नाहीत.

"मार रे," ते म्हणाले. "नीट मार."

"गप. तुझा आवाज नको मला. चार वर्षं ऐकला."

त्यांची बायको आतून धावत आली, तिने त्याचा दंड धरला. त्याने तिला झटकलं, ती कपाटावर आपटली. पाट पुन्हा वर गेला. या वेळी तोंडावर बसला आणि दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मी दाराला टेकून उभी होते. किंचाळले नाही, मध्ये पडले नाही. डोक्यात वाक्य जुळत होतं. पाट, खाकी शर्ट, दाताचा आवाज. मला अजून त्या वाक्याची किळस येते.

त्याचाच हात दमला. पाट खाली पडला. तो धापा टाकत माझ्याकडे वळला.

"ही का छापणारी?"

मी मान डोलावली.

"माझं घर कुठे आहे ते याने सांगितलं होतं तुला?"

"हो."

"किती लांब आहे गं?"

"पलीकडच्या बिल्डिंगीत."

"मग तू मला विचारलंस का, मी त्या दिवशी आत कशाला गेलो होतो?"

मी हातातल्या प्रती जमिनीवर ठेवल्या.

"कामाला नव्हतो गेलो. माझी पेटी आणायला गेलो होतो. माझ्या कानशी, माझा मायक्रोमीटर. पदरचे पैसे घालून घेतलेले. बाहेर कुठे चार दिवस काम मिळत होतं. संप मोडायला नव्हतो गेलो. पंचवीस जणांत एकाने विचारलं नाही. हा एवढा लेखक, यानेही नाही. आणि तू साठ जणांना अंक वाटून सांगितलंस की फितूर डावरा होता."

काका रक्ताची गुळणी थुंकून त्याच्याकडे बघत होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. चार वर्षं त्याच्यासमोर बसून वाचत होते, आणि पेटीचं ठाऊक नव्हतं. तेव्हा ते रडले. मार खाताना रडले नव्हते.

तो निघून गेला. काकांच्या बायकोने जमिनीवरच्या प्रती गोळा केल्या, माझ्या छातीवर आपटल्या आणि म्हणाली, "घे. आणि परत या दारात दिसलीस तर मी मारीन तुला."

काकांना त्या कानाने आता ऐकू येत नाही. लिहिणं थांबलं. ते दोघे एकमेकांकडे जात नाहीत, हेही मी ऐकून आहे. मी तुटक्या दाताबद्दल, कानाबद्दल माफी मागायला गेले होते. दार उघडलं नाही.

दुसरं दार मात्र उघडलं. फिटरच्या घरी मी चार वेळा गेले. तीन वेळा त्याने मला बाहेरच्या बाहेर घालवलं. चौथ्या वेळी म्हणाला, "बस. पण टेप नको. लिही, आणि इथेच वाचून दाखव." मी त्याचं म्हणणं आमच्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापलं आणि त्याच गेटवर वाटलं. काही जणांनी घेतलं, काहींनी माझ्यासमोर फाडलं, एकाने थोबाडीत मारली. त्याची तक्रार नाही.

हा मजकूरही मी त्याला वाचून दाखवला आहे. दगडावर हात ठेवला तेव्हा तो गप्प होता, असं मी आधी लिहिलं होतं. मला ते शोभून दिसत होतं. त्याने थांबवलं.

"गप्प कुठला? बोंबलत होतो मी. आईला हाका मारत होतो. ते काढ."

काढलं. पाटाचा भागही त्याने दोनदा वाचायला लावला. "पहिला फटका भिंतीवर बसला, हे ठेव," म्हणाला. "पण मी मुद्दाम चुकवला, असं कोणी म्हणू नये. मला मारायचंच होतं."

तुम्ही लिहीत असाल, आणि हा अंक वाचणारे निम्मे लिहितातच, तर तुमच्या वहीत कुठेतरी एक चालता-बोलता माणूस असेल, ज्याच्याबद्दल तुम्ही त्याला न विचारता लिहिलंय. येत्या सुट्टीच्या दिवशी ती वही घ्या आणि त्याच्या घरी जा. त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. तो सांगेल ते तिथल्या तिथे खोडा. त्याने दार लावून घेतलं, तर पुढच्या सुट्टीला पुन्हा जा.