दुपारी दोनचा चौकोन

माझा मामा वयाच्या सदतिसाव्या वर्षी नर्सिंगची परीक्षा पास झाला आणि आमच्या घराला अक्षरशः वेड लागलं. आई शेजाऱ्यांना हाका मारमारून सांगत सुटली. हा आनंद बरोब्बर दीड दिवस टिकला. मग परवान्याचा अर्ज आला.

अर्ज मी भरत होते, कारण मामा दोन बोटांनी टाइप करतो आणि ते माझ्याच्यानं बघवत नाही. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं सुरळीत चाललं होतं. पुढचा प्रश्न आला आणि तिथंच घोडं अडलं. 'लष्करातून सेवामुक्त झाला असल्यास कारण लिहा.'

"लिही," मामा म्हणाला. "शिस्तभंगाबद्दल काढून टाकलं."

आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. "वेडबीड लागलंय का तुला? प्रकृतीच्या कारणानं, असं लिही गं."

"प्रकृती ठणठणीत होती, ताई."

"मग आता बिघडव!"

मामी दारात उभी होती. मामी बोलत नाही तेव्हा आम्हा सगळ्यांनाच जास्त धडकी भरते.

प्रकरण असं होतं. तेविसाव्या वर्षी मामा सैन्यात औषधांच्या कोठारावर होता. लसींच्या फ्रिजचं तापमान दर दोन तासांनी बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची, एवढंच काम. मामानं डोकं चालवलं. सकाळीच दिवसभराचे आकडे भरायचे, सह्या ठोकायच्या आणि व्हॉलीबॉल खेळायला जायचं. दोनदा पकडला गेला, दोनदा शिक्षा झाली, तरी हा बहाद्दर सुधारला नाही. तिसऱ्यांदा साहेब दुपारी चार वाजता आले, वही उघडली, तर रात्री आठपर्यंतचं तापमान नोंदवून तयार! इथपर्यंत मामा ही गोष्ट हसत हसत सांगतो. पुढचं सांगताना मात्र त्याचा आवाज खाली येतो. फ्रिज सकाळपासून बंद पडला होता. सगळी लस फेकून द्यावी लागली.

त्यानंतर दहा वर्षं त्यानं वॉर्डबॉयचं काम केलं, मग धीर करून नर्सिंगला गेला, स्वतःपेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बसून हाडांची नावं घोकली. त्याच्याच हॉस्पिटलनं ब्रदरची एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. पण महिनाअखेरपर्यंत परवाना आणला तरच. नाहीतर पुन्हा स्ट्रेचर ढकलायचं.

मी शेवटी 'शिस्तभंग' असंच टाइप केलं. आठ दिवसांत नर्सिंग कौन्सिलचं पत्र आलं: समितीसमोर हजर राहा, प्रशिक्षणाची नोंदवही सोबत आणा.

ती नोंदवही बघून आईनं कपाळावर हात मारला. शेकडो चौकोन, तापाचे, नाडीचे, सगळे सुबक अक्षरांत भरलेले. आणि मधेच एका मंगळवारी, दुपारी दोनच्या चौकोनात, आकडाच नाही! तिथं मामानं लिहिलं होतं, 'बघितला नाही. विसरलो.'

"नव्व्याण्णव लिही आणि मोकळा हो," आई म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघितलंच नाही, तर नव्व्याण्णव कुठून आणू?"

"माझ्या कपाळाला हात लाव. आत्ता एकशे दोन असेल!"

मामानं ऐकलं नाही. आईनं हात टेकले. मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू? आधीच डाग असलेल्या माणसानं नवा डाग स्वतःच्या हातानं दाखवायला न्यायचा, ही कुठली हुशारी?

समितीत तिघं होते. मधे एक म्हाताऱ्या मेट्रन, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. कागद सांभाळायला म्हणून मला आत बसू दिलं. आई आणि मामी बाहेर बाकावर होत्या.

मामा सावधान उभा राहिला आणि फ्रिजची सगळी हकिगत सांगितली. लस वाया गेली हेसुद्धा, जे अर्जात कुणी विचारलंच नव्हतं. मेट्रन चष्मा लावून नोंदवही चाळायला लागल्या आणि नेमक्या त्याच पानावर थांबल्या.

"हा चौकोन भरून टाक, असं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"कुणी?"

मामा घुटमळला. "माझ्या ताईनं. बाहेर बसलीय."

बाहेर बाक करकरल्याचा आवाज आला. आई दाराला कान लावून बसली होती हे आता कौन्सिललाही कळलं.

"त्या पेशंटचं पुढं काय झालं?"

"तीन वाजता लक्षात आलं, तेव्हा ताप बघितला. एकशे एक होता. लगेच डॉक्टरांना सांगितलं. दोनचा राहिला हेही सांगितलं. ते ओरडले."

"मग?"

"बरोबर ओरडले."

मेट्रननी चष्मा काढला आणि शेजारच्या दोघांकडे वळल्या. "आज सकाळपासून मी चौदा वह्या बघितल्या. एकीतही एक चौकोन रिकामा नाही. चाळीस वर्षं नोकरी केली मी, असा वॉर्ड मला कधी दिसला नाही."

परवाना मिळाला! पण अट घातली. पहिलं वर्षभर मामाच्या प्रत्येक नोंदीखाली वरिष्ठ नर्सची सही लागणार. मला अपमान वाटला, मी तोंड उघडणार इतक्यात मामाच म्हणाला, "दोन वर्षं ठेवा ना." मेट्रन खो खो हसल्या. एकच पुरे म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आईनं त्याला मिठी मारली, मग चापट मारली, मग परत मिठी मारली. आम्ही सगळे मूर्खासारखे हसत होतो. शिपाई दोनदा येऊन गप्प बसा म्हणून गेला.

मामी मात्र पिशवीत काहीतरी शोधत होती. लग्न ठरताना तिला फ्रिजची गोष्ट मामानं स्वतः सांगितली होती. ती म्हणाली होती, "नोकरी गेली त्याचं मला काही नाही. पण आपल्या घरातल्या कागदांवर सह्या मी करणार." आम्ही ते थट्टेवारी नेलं होतं. ती थट्टा नव्हती. भाडेकरार, बँक, त्यांच्या पोरीच्या शाळेचे कागद, अकरा वर्षं सगळीकडे एकट्या मामीची सही.

तिनं पोरीचं प्रगतिपुस्तक काढलं. पालकांच्या सहीची जागा कोरी होती. "शुक्रवारपासून घेऊन फिरतेय," ती म्हणाली. "आज द्यायचा शेवटचा दिवस आहे. वाचा आणि करा."

मामा तिथंच पायरीवर बसला. पहिल्या पानापासून वाचायला लागला. हजेरी, उंची, वजन, शिक्षकांचा शेरा.

"गणितात बहात्तर? मागच्या वेळी ऐंशी होते ना?"

"अहो, शाळा सुटेल!"

"थांब, वाचतोय."

सगळं वाचून झाल्यावर त्यानं पेन मागितलं. सही करताना प्रगतिपुस्तक त्याच्या गुडघ्यावरून घसरायला लागलं, तेव्हा मामीनं शेजारी बसून ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.