पाटल्या ठेवल्या स्लीपरमधे

लीड्समधल्या आमच्या पहिल्या घरात पुढच्या खोलीची सिमेंटची जमीन ओल धरायची. तिच्यावर लाकडी फ्लोअर घालायला सुतार आला. आधी डांबरी कागद अंथरून त्यावर थोड्या थोड्या अंतरावर आडवी लाकडं, त्यांना तो स्लीपर म्हणायचा, आणि सगळ्यात वर फळ्या.

मला पहिल्याच दिवशी संशय आला. काम करताना माणूस एवढी शीळ घालतो, वर तिथल्या रीतीप्रमाणे ओळख ना पाळख, मला ‘लव्ह’ म्हणतो म्हणजे काय! चहाच्या निमित्ताने मी सारखी डोकवायची. हे म्हणाले, “अगं, त्याला काम करू दे.” पण तेव्हाची मी म्हणजे घरातली फौजदारच. चोर सगळी कपाटं उघडेल, स्वतःच्या कामाखाली कशाला बघेल? फळ्या यायला अजून अवकाश होता, म्हणून संध्याकाळी आईने दिलेल्या पाटल्या रुमालात बांधून मी दोन स्लीपरमधे, कागदाखाली सरकवल्या. केवढी ती हुशारी!

सकाळी आंघोळ करून खाली येते तो फळ्या आलेल्या, अर्धी खोली ठोकून झालेली.

नाइलाजाने सांगितलं. त्याने फळी उचकटली, रुमाल सोडला आणि मी त्याच्याकडे बघायची अगदी तस्संच माझ्याकडे बघितलं.

“चोरीच्या नाहीत ना, लव्ह?”

फळी परत ठोकताना त्याने शीळ घातली नाही.