देवराईबाहेर राहिलेल्या चपला

हिंगण्याच्या पुढे असलेल्या त्या देवराईची केस आठवली, की आजही माझे हात शिवशिवतात. एका सकाळी गावच्या पोलीस पाटीलबाईंचा ठाण्यात फोन आला. "साहेब, देवाच्या रानात मशीन चालून राहिली. लवकर या, नाहीतर संध्याकाळपर्यंत एक झाड उरणार नाही."

आम्ही पोचलो तेव्हा कापणारे टेम्पो टाकून पळाले होते. मोहाची तीन जुनी झाडं आडवी पडली होती. ज्या रानातून बायका चुलीसाठी वाळकी काडीही नेत नाहीत, तिथं ही कत्तल. शेजारी प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याला तिथून रस्ता हवा होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण पुरावा नव्हता. टेम्पोचा नंबरही खोटा निघाला.

रानाच्या हद्दीवर मात्र एक चपलांचा जोड नीट काढून ठेवलेला दिसला. त्या रानात गावातलं कोणी चपला घालून जात नाही. पण बाहेरून झाडं कापायला आलेला माणूस चपला कशाला काढेल? मी तिथं एक शिपाई उभा केला आणि पंचनाम्याला लागलो.

मग गाव जमलं. सगळे अनवाणी आत आले. सर्वांत जास्त रडत होते ते देवराईचे पुजारी. पंचनामा आटोपला, लोकांनी बाहेर येऊन आपापल्या चपला घातल्या. शिपायाजवळचा जोड तसाच राहिला आणि पुजारी तापलेल्या मुरमावरून अनवाणी निघाले.

"महाराज, चपला राहिल्या तुमच्या," मी हाक मारली. ते जागीच थांबले.

ठाण्यात मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "मी पैसा नाही घेतला, साहेब. आमचा देव पावसात भिजून राहते. ते लेआउटवाले म्हणाले, रस्त्यापुरती झाडं जाऊ द्या, देवाले टाइल्सचं मंदिर बांधून देतो. म्हणून मी त्याईले आत नेलं. मंग ते सगळंच रान कापाले निघाले. थांबा म्हटलं, तर मले ढकलून देलं. मी तसाच अनवाणी पळालो."

मला संताप आला आणि कीवही आली. त्यांच्या जबाबावरून लेआउटवाल्याला अटक केली. 'सामोपचारानं मिटवा' असे वरून फोन आले. मी मिटवलं नाही. उरलेलं रान वाचलं.

लोभी माणूस पोलिसाला लवकर ओळखू येतो. देवाचं भलं करायला निघालेला ओळखू येत नाही, आणि लबाड नेमका त्यालाच गाठतो. गावात नवा पुजारी नेमायची भाषा सुरू झाली तेव्हा पाटीलबाई म्हणाल्या, "काहून बदलता? त्याईलेच राहू द्या. त्या कापलेल्या बुंध्याईपाशी रोज दिवा लावू द्या."

कोर्टाची शिक्षा पुढे व्हायची तेव्हा झाली. महाराजांची ही शिक्षा त्याच संध्याकाळच्या दिव्यापासून सुरू झाली.