किडीची पाच छिद्रे

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. मी ते विसरावं असं वाटणारे पुष्कळ होते, आणि त्यातले काही माझ्याच खात्यातले होते. म्हणून फक्त नावं गाळून, बाकी काहीही न गाळता लिहितो आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बाजार नुकता खुला झाला होता आणि मी उज्जैनला टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. टावर चौकातून नव्या गाड्या धावू लागल्या तसा जुन्या मोटारींनाही अचानक भाव आला. नव्या हॉटेलांना दारात शोभेसाठी आजोबांच्या काळातली मोटार हवी असे. इतकी वर्षं ज्यांच्यात मांजरी व्यायच्या, त्या मोटारी धुऊनपुसून बाहेर निघाल्या.

आमच्या हद्दीत एका जुन्या मराठी घराण्याची कोठी होती. दोन भाऊ, थोरले सरळ आणि तापट, धाकटे गोड बोलणारे. त्यांच्या आजोबांनी विलायतेहून मोटार आणवली होती आणि तिचा लाकडी डॅशबोर्ड खास आपल्या पसंतीने करून घेतला होता. घड्याळं बसवायच्या गोल खाचा, आणि कडेने सगळीकडे कोरलेली द्राक्षाची वेल. तसा दुसरा जगात नाही, असं थोरले अभिमानाने सांगत.

फ्रीगंजमध्ये सीटकव्हर शिवणारा एक जण आमचा खबरी होता. त्याने एक दिवस सांगितलं की कोठीवाल्यांचा तो वेलीचा डॅशबोर्ड इंदूरच्या जुन्या मालाच्या दुकानात विकायला ठेवलाय. मी थोरल्यांना बोलावलं. त्यांनी घरी जाऊन मोटार पाहिली, तर डॅशबोर्डावर काळं रेक्झीन चढवलेलं. धाकटे म्हणाले, वेलीचा एक कोपरा तुटका होता, तो नीट करायला आपणच डॅशबोर्ड शेजारच्या भैरवगढच्या एका कारागिराला दिला होता. तो रेक्झीन चढवून परत आला, खाली काय आहे ते आपण पाहिलं नाही. त्या लबाडाने खाली प्लायवूड घालून मूळ वस्तू विकली असणार.

थोरल्यांनी तक्रार लिहून दिली. आम्ही इंदूरला जाऊन डॅशबोर्ड जप्त केला. दुकानदाराने सांगितलं की भैरवगढचा एक माणूस कापडात गुंडाळून तो घेऊन आला होता. पोचपावतीवर त्याची सही होती. प्रकरण माझ्या मते तिथेच संपलं होतं.

पंचनामा मी स्वतः लिहिला. लाकूड जुनं, रंग गडद, मागील बाजूस किडीने पाडलेली पाच बारीक छिद्रे. पंच म्हणून बोलावलेल्या लाकडाच्या व्यापाऱ्यानेही मान डोलावली. कीड लागलेली म्हणजे वस्तू पुरातन, हे आम्हा दोघांनाही पटलं. रेक्झीन उचकटून खाली काय आहे ते पाहावं, हे मात्र मला सुचलं नाही. विलायती मोटार कोण खराब करणार, आणि वस्तू तर हातात आलेली होती.

कारागिराला भर दुपारी त्याच्या गल्लीतून जीपमध्ये घालून आणलं. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. भैरवगढला कापडावर छपाई होते, त्या छपाईचे लाकडी ठप्पे तो कोरत असे. अटक दाखवली नाही, ‘चौकशीसाठी बसवला’ असं म्हटलं. हा आमचा जुना चोरटा शब्द. त्या शब्दाखाली माणूस दोन दिवस बाकावर बसून राहतो आणि कागदावर तो कुठेच नसतो.

त्याचं म्हणणं पहिल्या तासाला जे होतं तेच दुसऱ्या दिवशी होतं. धाकट्या मालकांनी डॅशबोर्ड नमुना म्हणून दिला आणि हुबेहूब दुसरा करायला सांगितला. जुन्या शिसवी पलंगाची फळी घेऊन त्याने तो केला, कोपराही पुरा कोरला. मग मूळचा मालकांना परत दिला आणि नवा त्यांच्याच सांगण्यावरून इंदूरला पोचवला. मला हसू आलं. मी म्हणालो, ठप्पे कोरणारा कधी असं काम करेल का?

“तो और कौन करेगा, साब?” तो म्हणाला. “कोरना ही तो आता है मुझे.”

त्या उत्तराने माझा पारा चढला. माणूस घाबरला की पोलिसाला बरं वाटतं, हे आता निवृत्तीत कबूल करायला हरकत नाही. हा घाबरत नव्हता. हवालदाराने धाक दाखवला, मीही तोंड वाजवलं. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटे मालक वकिलाकडून कागद लिहून घेऊन आले. ‘मोहाला बळी पडून मी मूळ डॅशबोर्ड विकला, माफी असावी.’ यावर त्याने सही करावी, म्हणजे आपण थोरल्यांना समजावून तक्रार मागे घ्यायला लावू. गरीब माणूस आहे, बायकापोरं आहेत, वगैरे. कायद्याने ते इतकं सोपं नसतं, पण ठाण्याची डोकेदुखी टळत होती, म्हणून मीही कागद त्याच्यापुढे सरकवला. सही केली असती तर तो जेवायच्या वेळेला घरी पोचला असता.

त्याने कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला.

“जो चीज मैंने बनाई, उसको चोरी की लिखके दूँ? बंद कर दो, साब. दस्तखत नहीं करूँगा.”

मी वीस वर्षांच्या नोकरीत खूप चोर पाहिले होते. सुटकेचा कागद समोर आल्यावर तो ढकलणारा चोर मी पाहिला नव्हता. पण माझ्या डोक्यात एवढंच आलं की माणूस हट्टी आहे. वरच्या साहेबांचा फोन आला, थोरल्यांची त्यांच्याकडे ऊठबस होती. साहेब म्हणाले, घर की तलाशी लो, और माल निकलेगा.

लगोलग भैरवगढला गेलो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर छिन्न्या. चोरीचं काहीच नव्हतं. त्याची बायको दारात उभी होती. तिने ठप्प्यांची टोपली उचलली आणि माझ्या पायाशी आणून ओतली.

“ये भी ले जाओ. ये भी किसी राजा के होंगे.”

शिपाई तिच्यावर खेकसला. मी लाजेपोटी म्हणा किंवा काहीतरी करायचं म्हणून, खाली वाकून एक ठप्पा उचलला. पुढे कैरीची नक्षी होती. उलटा केला, तर मागे बारीक छिद्रं, एका ओळीत, सारख्या अंतरावर. दुसरा उचलला, तिसरा उचलला, सगळ्यांना तशीच छिद्रं. मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, हवा जायला. छिद्रं नसली तर ठप्पा रंग धरून बसतो आणि कापडावर डाग पडतो.

ठाण्यात येऊन मालखाना उघडायला लावला, डॅशबोर्ड उलटा केला आणि पट्टी लावून पाहिलं. पाच छिद्रं, एका ओळीत, सारख्या अंतरावर. कीड पट्टी लावून लाकूड खात नाही. पुढून ती छिद्रं वेलीच्या पानांच्या खोल सावलीत लपली होती. मी कारागिराला आणवलं आणि विचारलं, यात छिद्रं का पाडलीस?

तो माझ्याकडे नवलाने पाहत राहिला. “छेद तो होंगे ही. कोरूँगा तो छेद भी करूँगा.” मोटारीच्या डॅशबोर्डाला हवा सोडायची गरज नसते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हाताच्या सवयीने ती पाडली होती, आणि इतकी सहज की स्वतःच्या बचावात त्याने त्यांचा उल्लेखही केला नाही.

तसाच कोठीवर गेलो. धाकटे म्हणाले, रेक्झीन काढलं तर मोटार खराब होईल. मी थोरल्यांकडे पाहिलं. त्यांनी नखाने एक कडा सोडवली आणि ओढली. खालून सुकलेली, फिकट झालेली वेल निघाली, एका कोपऱ्याला तुटलेली. थोरले त्या तुटक्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभे राहिले.

“हा मीच तोडला होता. आजोबांनी चांगला मारला होता मला,” ते म्हणाले. मग धाकट्याकडे वळून, “आता तूच बोल भाऊ, सगळं सचसच बोल.”

धाकटे सुटलेलं रेक्झीन परत चिकटवू लागले. पण इंदूरच्या दुकानदाराला आपण नक्कल विकत घेतली आहे हे फोनवर कळताच त्याला वाचा फुटली. इतके दिवस तो धाकट्यांना सांभाळून घेत होता. सौदा धाकट्यांनी केला होता. त्याने स्वतः कोठीवर येऊन मोटार पाहिली होती आणि वर रेक्झीन बघून मूळची वस्तू काढून आपल्यालाच दिली आहे अशी त्याची खात्री पटली होती. खबर फुटल्यावर धाकटे खरं बोलते तर दुकानदाराने फसवणुकीचा दावा लावला असता. म्हणून त्यांनी चोर ठरवायला दुसरा माणूस शोधला, आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो.

मी पुरवणी पंचनामा लिहिला. ‘आधीच्या पंचनाम्यात किडीची म्हणून नोंदवलेली छिद्रे माझ्या अज्ञानामुळे चुकीची नोंदवली गेली. ती कारागिराने पाडलेली असून वस्तू त्याचीच कृती आहे.’ वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. असं लिहून खात्याची अब्रू घालवतोस का, म्हणाले. घरातलं भांडण आहे, फाइल बंद कर, त्या माणसाला मागच्या दाराने सोडून दे. किसके लिए लड रहे हो, एक ठप्पेवाले के लिए? मी म्हणालो, होय सर. धाकट्यांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला आणि कागद कोर्टात पाठवला. परत कोणाला बदलता येऊ नये म्हणून त्याच दिवशी पाठवला.

मग कारागिराला सांगितलं की आप जा सकते हैं. तीन दिवसांत मी त्याला प्रथमच ‘आप’ म्हटलं होतं. तो उठला नाही.

“लाए थे सबके सामने, साब. छोडोगे अकेले में?”

मला खूप राग आला. पहिल्यांदा त्याचा, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा. मी टोपी घातली, त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः मागे बसलो आणि भैरवगढला गेलो. चार वाजले होते, गल्लीत कापडं वाळत होती, सगळे कामावर होते. मी खाली उतरून मोठ्याने सांगितलं की या माणसाने चोरी केलेली नाही, चूक पोलिसांची झाली, माझी झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती त्याला आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. ते योग्यच होतं.

माणसाचे कपडे पाहून त्याच्या हातांची लायकी आम्ही ठरवतो, आणि एकदा ठरवली की समोरचा पुरावासुद्धा आपल्याला हवा तसाच दिसतो. मला किडीची छिद्रं दिसली ती त्यामुळे. पुढे जे शिकाऊ अधिकारी माझ्या हाताखाली आले, त्यांना मी एवढंच शिकवलं की आरोपी काय करू शकणार नाही, हे आधी ठरवू नका.

आठवड्याने वरून पत्र आलं. निर्दोष इसमाला घरी सोडण्यासाठी शासकीय वाहन कोणाच्या परवानगीने वापरलं, याचा खुलासा करावा. मी एका ओळीत खुलासा दिला: ‘सदर इसमास उचलून आणताना कोणाची परवानगी घेतली नव्हती, म्हणून सोडतानाही घेतली नाही.’ महिन्याभरात माझी बदली झाली. त्या ओळीतला एकही शब्द मी आजतागायत मागे घेतलेला नाही.