आईची माती

गणपत वैरागडे रुसला की जबलपुरातल्या चेरीतालच्या त्याच्या गल्लीतले लोक गालातल्या गालात हसायचे. समोर हसायची कोणाची छाती नव्हती. नाक्यावरच्या न्हाव्याने एकदा त्याच्या टकलाची थट्टा केली, तर त्या दिवसापासून हा माणूस उरलेले चार केस कापायला पार दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊ लागला. फॅक्टरीत फिटर होता तेव्हा एका जोडीदाराशी तो निवृत्त होईपर्यंत बोलला नाही, आणि भांडण कशावरून झालं होतं असं विचारलं तर त्याला स्वतःलाही धड आठवत नसे. तो ओरडायचा नाही, आदळआपट करायचा नाही. नुसतं तोंड फिरवायचा, आणि फिरवलं की फिरवलं.

ते तोंड पुन्हा वळवणं एकाच माणसाला जमायचं, त्याच्या मोठ्या बहिणीला, इंदूला. ती चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "झालं काय तुझं? आता जाय अन् बोल." की हा साठी उलटलेला माणूस निमूट उठून जायचा. बोलून आल्यावर वर तिलाच सांगायचा की मी जाणारच होतो.

इंदूचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा सुमेध कडेवर होता. ती भावाकडे आली ती कायमचीच. गणपतला तेव्हा मुली पाहणं चाललं होतं. ते हळूहळू मागे पडलं, आणि पुढे कोणी विषय काढलाच तर "घरात दोन माणसं आहेत की" असं म्हणून तो मोकळा व्हायचा. भाच्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं ते त्याने. तापात रात्ररात्र उशाशी बसला तो. पोरगा गणितात नापास झाला तेव्हा मास्तरांसमोर मान खाली घालून उभा राहिला तोही तोच. सुमेधला आपला मुलगा म्हणायची त्याने कधी हिंमत केली नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या घरात राहून गेली. गणपतचे वडील नोकरीसाठी वर्धेकडून जबलपूरला आलेले. घरात तिकडची मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. सुमेध शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आणि मोठा होता होता घरातही हिंदीच बोलू लागला. आई मराठीत विचारायची, पोरगा हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं छान चालायचं. समजतं ना त्याला, बस झालं, असं गणपत म्हणायचा. समजतं किती आणि अंदाजाने घेतो किती, हे कोणी तपासून पाहिलं नाही.

सुमेध नोकरीला बंगळूरला गेला. मागच्या उन्हाळ्यात इंदू न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशन होऊनही ती काही नीट उभी राहिली नाही. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचा पलंग टाकला. खिडकीतून दिसायचं काय, तर गणपतने हौसेने केलेलं सिमेंटचं अंगण, कोपऱ्यात स्कूटर आणि फाटक. पावसाळाभर तिने ते सोसलं. दसऱ्याला आपट्याची पानं हातात घेता घेता म्हणाली की एवढं सिमेंट बघून डोळे दुखतात, खिडकीखाली एक वाफा कर. शेवंती, अबोली आणि एक मोगरा, बाकी काही नको. आणि तेव्हाच हेही सांगून टाकलं की वाफा तू कर, पण पहिलं रोप सुमेधच्या हातचं लागेल, दिवाळीत तो येणारच आहे.

त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं उरलं नाही. गणपतने सब्बल घेतली आणि स्वतः घातलेलं सिमेंट स्वतःच फोडलं. फिटर माणूस, दोरी ताणून, गुण्या लावून त्याने नेटका चौकोन आखला. इंदूने खिडकीतून तो नापास केला. फुलं लावायची आहेत का लेथ मशीन बसवायची आहे, असं तिने विचारलं. तिला वळण हवं होतं. मग त्याने पाण्याचा पाइप जमिनीवर टाकला आणि ती हो म्हणेपर्यंत इकडे तिकडे सरकवत राहिला, आणि त्या वळणावर चुन्याची रेघ ओढली. सिमेंटच्या खाली विटांचे तुकडे, मुरूम आणि जुना चुना, माती नावालाही नाही. दीड हात खोल खणून त्याने तो सगळा राडारोडा उपसला. तळ सब्बलीने भोसकून सैल केला, पाणी तुंबू नये म्हणून. भिंतीकडून फाटकाकडे थोडा उतार ठेवला, कडेने विटा तिरप्या रोवल्या. गोठ्यातलं कुजलेलं शेणखत आणलं, रेती चाळून ठेवली. राहिली फक्त माती. ती जवळच्या पाटणहून यायची होती, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून, आणि तो रोज उद्या म्हणत होता.

सुमेधचा फोन आला की वाफ्याची खबर आधी आणि तब्येतीची मागून. आईचा वाफा म्हणून माती आईची. "मामा, आई की मिट्टी आई क्या?" असं तो विचारायचा आणि आपल्याच वाक्यावर हसायचा. गणपत सांगायचा, नाही आली बाप्पा आईची माती. मग भाचा बजावायचा की कमर सांभाळा, माती आली की घमेली उचलत बसू नका, लेबर लावा. इंदू पलंगावरून हे सगळं ऐकत राहायची. त्या दोन आठवड्यांत ती जेवढी हसली तेवढी पडल्यापासून हसली नव्हती.

दिवाळीला आठवडा उरला असताना ती एका दुपारी जेवून पडली ती उठली नाही. चहाला उठवायला गणपत गेला, तर हात गार. डॉक्टर येऊन हृदय थांबलं म्हणाले आणि गेले. शेजारची यामिनी, शाळेत शिकवायची ती, धावत आली आणि तिने आतलं सगळं हातात घेतलं. गणपत बाहेर आला. त्या रिकाम्या वाफ्याच्या कडेला उभं राहून त्याने सुमेधला फोन लावला. उद्या सकाळपर्यंत थांबायचं हे त्याने ठरवून टाकलं होतं. इंदूला अग्नी तिच्या मुलाच्याच हातचा मिळाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला त्या वेळी कळत होती.

सुमेध रस्त्यावर होता, मागे हॉर्न वाजत होते. गणपतच्या तोंडून 'आई गेली' हे काही निघेना. मग त्याच्या बापाच्या घरी जसं कळवायचे तसंच त्याच्या तोंडून आलं. वर्धेकडे माणसाला पोचवायला जायचं म्हणजे मातीला जायचं. चितेवर ठेवायचं असलं तरी त्याला मातीच म्हणतात.

"सुमेध, आईची माती आहे उद्या सकाळी. दहाले. तू येऊन राहिला ना?"

"अच्छा, कल पक्का है?" सुमेध म्हणाला. "पर मामा, उसमें मेरा क्या काम? आप लोग कर लो, मैं दिवाली में आ ही रहा हूँ. और आप मत उठाना, चार लेबर लगा लो, पैसे मैं डाल दूँगा. फोटो भेज देना बस."

फोन कट झाला. दुसऱ्या कोणी हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता आणि लगेच पुन्हा फोन लावला असता. पण गणपतची बहीण जाऊन तास झाला नव्हता. त्याला आईची माती एकच ठाऊक होती, आणि त्या मातीला पोटचा पोरगा भाड्याने खांदेकरी लावा म्हणत होता. तो किती तरी वेळ तिथेच उभा राहिला. मग आत आला, आणि यामिनीने विचारल्यावर म्हणाला, तो येत नाही.

यामिनीचा विश्वास बसेना. काही तरी ऐकण्यात चूक झाली असेल, मी बोलते, नंबर द्या, असं ती दोन-तीनदा म्हणाली. गणपतने फोन बंद करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "कोणी फोन करायचा नाही त्याले," एवढंच बोलला. त्याने तोंड फिरवलं होतं. आणि ते वळवणारी आत चादरीखाली निजली होती.

सकाळी इंदूला घाटावर नेलं. पुढचा खांदा गणपतने धरला तो शेवटपर्यंत कोणाला बदलू दिला नाही. अग्नीही त्यानेच दिला. मुलगा कुठे आहे, असं कोणी कोणी हळूच विचारलं. त्याने कोणालाच उत्तर दिलं नाही, आणि लोकांना जे समजायचं ते लोक समजले. घरी येईपर्यंत गल्लीभर झालं होतं की इंदूताईचा पोरगा आईला पोचवायलाही आला नाही.

संध्याकाळी त्याने फोन सुरू केला आणि लगेच तो वाजला. सुमेधच होता.

"मामा, आप दोनों कहाँ हो? सुबह से न आई उठा रही, न आप. मिट्टी डल गई? आई को दिखाया खिड़की से?"

कालचं एकेक वाक्य गणपतच्या डोक्यात फिरून आलं आणि या वेळी सरळ ऐकू आलं. पोराने आईला टाकलं नव्हतं. पोरगा मामाची कंबर सांभाळत होता. ज्याला दांडीवर बसवून शाळेत नेलं त्याच्याबद्दल आपण एका दुपारीत हे मानलं, आणि मानून वर फोन बंद केला. भाच्याशी तो जन्मात कधी हिंदीत बोलला नव्हता. आता बोलला.

"बेटा, आई नहीं रही. कल दोपहर को."

मग सुमेधने अगदी हळू विचारलं की कल दोपहर, तो फिर आपने जो फोन किया था वो. वाक्य त्याने पुरं केलं नाही. गणपतनेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमेध आला. गल्लीत शिरला तेव्हा ज्या बायांच्या डोळ्यांसमोर तो लहानाचा मोठा झाला होता त्यांनी माना वळवल्या. यामिनीने पाणी दिलं, पण त्याच्याकडे न बघता. तेव्हा गणपत फाटकात जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोराची चूक नाही. त्याले समजलं नाही, अन् मी पुन्हा बोललो नाही." लोकांनी माना डोलावल्या. काहींना पटलं. काहींना ते मामाचं पांघरूण घालणं वाटलं, आणि त्यांना ते अजूनही वाटतं.

नर्मदेत अस्थी सोडून ते दोघं परतले तर फाटकासमोर मातीचा ढीग. पाटणचा शेतकरी आपलं उद्या पाळून गेला होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. काळी, भुसभुशीत, अजून ओल असलेली माती. गणपत म्हणाला राहू दे, दिवस झाल्यावर बघू. सुमेधने ऐकलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घमेलं उचललं. सुतकात हे काय, असं समोरच्या ओट्यावरून कोणी तरी म्हणालं, ते दोघांनीही ऐकलं.

तो घमेली भरभरून टाकत राहिला. गणपत उठायला लागला की हाताने खाली बसवायचा. मातीचा एक थर, त्यावर शेणखत, मूठभर रेती, मग फावड्याने खालीवर. ढेकळं त्याने हातांनी फोडली. उतार कुठून कुठे, तेवढं गणपतने पायरीवरून सांगितलं. पोराने चिडावं, दोन शब्द टाकून बोलावं, असं त्याला फार वाटत होतं. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. सुमेध चिडला नाही. माती विटांच्या बरोबरीला आली तशी त्याने ती सारखी केली, वरून पाणी शिंपडलं, आणि खिडकीखाली तिथेच ओल्या कडेवर बसला. खिडकी उघडी होती, आत पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली दिसत होती.

गणपत म्हणाला, "माह्यं चुकलं."

सुमेध हातांना लागलेल्या चिखलाकडे बघत होता. बोलला तेव्हा मराठीत बोलला, एकेक शब्द शोधत.

"मला नाही समजलं, मामा. ते माझं. पण तुम्ही... अजून एक बार फोन करायचा होता."

"व्हय," गणपत म्हणाला. "करायचा होता."