आबांनी पाणी तोडलं

माझी साखर उतरते तेव्हा मला कळतच नाही, ही माझी खरी अडचण. बाकीच्यांना आधी घाम फुटतो, हात थरथरतात. मी थेट आडवा होतो. लहानपणापासून इन्सुलिन टोचतोय, पण गेल्या वर्षी शिरूरच्या कंपनीत चालू मशीनसमोर पडलो, तेव्हापासून राहू या आमच्या गावी घरी मला एकट्याला विहिरीवरसुद्धा कुणी जाऊ देत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या स्वादुपिंडातून काढायच्या आणि माझ्या यकृतात सोडायच्या. तिथं त्या रुजल्या, तर साखर असा दगा देणार नाही. मी हे घरी सांगायला लागलो, आणि 'दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या' इथवर पोचायच्या आधीच आबा, म्हणजे माझे वडील, उठून उभे राहिले.

"ही तर लावणच हाय की! मंग बेणं घरचंच घ्यायचं. माझं काढा."

सगळी हयात कांदा लावण्यात गेलेल्या माणसाला मी काय समजावणार? पुढच्या तारखेला ते नवं धोतर नेसून माझ्याबरोबर निघाले.

यवतच्या स्टँडवर आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो आणि आबाच धाडकन कोसळले. माणसं जमली. एकानं कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. आबा डोळे मिटल्या मिटल्या माझ्याकडं बोट दाखवत होते. "मला न्हाई, त्याला बघा. पेशंट त्यो हाय." झालं, लोकांनी मलाही दंडाला धरून खाली बसवलं आणि कांदा माझ्या नाकाशी आणला.

मी कसाबसा सुटलो आणि माझ्या खिशातली ग्लुकोजची पुडी त्यांच्या तोंडात ओतली. "सकाळी काय खाल्लंत तुम्ही?"

"दोन दिस कायबी न्हाई. रोप उपटायच्या आधी पाणी तोडावं लागतं, लेका. न्हाईतर नव्या रानात मान टाकतंय."

दोन दिवस ते ताटातली भाकरी गुपचूप कुत्र्याला घालत होते, हे आईला नंतर कळलं. मी भर स्टँडवर त्यांच्यावर ओरडलो. एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि ओरडता ओरडता रडूही येत होतं. आबा पुडीचा कागद चाटत म्हणाले, "ग्वाड हाय."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. "आबा," ते म्हणाले, "या पेशी आम्ही जिवंत माणसाच्या घेत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनी दान केल्या, तरच मिळतात."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग मी कवा येऊ, साहेब?"